यादीत नसलेला ठिपका

“हलला! आत्या, हलला!”

मी खुर्चीवरून जवळजवळ उडालेच. पडद्यावर आकाशाच्या एकाच तुकड्याचे फोटो एकामागोमाग लुकलुकत होते. सगळे तारे खिळ्याने ठोकल्यासारखे जागच्या जागी, आणि मधोमध एक पांढरा ठिपका मात्र टुणटुण उड्या मारत डावीकडे निघालेला.

“तो हलणारच. त्याच्यासाठीच दुर्बीण तिकडे वळवलेली,” आत्या म्हणाली. “जुनं गिऱ्हाईक आहे ते. तू आधी खाली टेक, खुर्चीचं चाक निघेल.”

मी टेकले. आत्याच मग पुढे वाकली. चष्मा कपाळावर नेला, परत नाकावर आणला आणि पडद्याच्या पार खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं.

“आणि हा कोण?”

मला काही म्हणजे काही दिसेना. तिने तो कोपरा मोठा केला, उजेड कमीजास्त केला, तेव्हा कुठे दिसला. काळ्या कापडावर पिठाचा एक कण पडावा इतकाच. पण तोही हलत होता, आणि भलत्याच दिशेने.

माझी आत्या शास्त्रज्ञ नाही. हे ती कुणालाही पहिल्याच वाक्यात सांगते, आणि लोक दुसरं वाक्य ऐकायला थांबतच नाहीत. पूर्वी ती एका दाताच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसून पेशंटना वेळा द्यायची. आता धोंड्यांना देते. पृथ्वीच्या जवळून जाणारे लघुग्रह, त्यांना ती धोंडे म्हणते. नवा धोंडा सापडला की तो पुन्हा पुन्हा बघावा लागतो, तरच त्याची वाट नक्की होते. बघितला नाही तर तो हरवतो. कागदोपत्रीसुद्धा ‘हरवला’ असंच म्हणतात, एखाद्या छत्रीला म्हणावं तसं! म्हणून रोज कुठला धोंडा आधी, कुठला नंतर आणि कुठला उद्यावर, हे ठरवायला कुणीतरी लागतं. ती माझी आत्या.

तिचं ऑफिस म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली. दोन टेबलं, झाकण हरवलेली एक किटली आणि खालून दिवसभर ठाकठूक. दुर्बीण मात्र पृथ्वीच्या पार दुसऱ्या बाजूला, एका डोंगरावर. आत्याने ती कधी प्रत्यक्ष पाहिलेलीसुद्धा नाही. तिकडे रात्र असते तेव्हा आपल्याकडे भरदुपार, त्यामुळे माझी आत्या डबा खात खात तारे बघते. शाळा सुटल्यावर घरी कुणी नसतं म्हणून मी तिच्याकडे जाते, आणि खरं सांगायचं तर घरी सगळे असते तरी गेले असते.

दुसऱ्या टेबलावर ढगोबा बसतो. दुर्बिणीची यंत्रणा आणि तिकडचं हवामान त्याच्याकडे. कायम ढगांच्या नकाशात डोकं, म्हणून ढगोबा. हे नाव मी ठेवलं आणि ते त्याला आवडतं, असं मी धरून चालते.

“ढगोबा, जरा इकडे या,” आत्या म्हणाली. तिचा आवाज इतका साधा होता की तो खुर्चीसकट घरंगळत आला. “हा कुठल्या यादीत आहे का बघा. मला सापडत नाहीये.”

त्याने शोधलं. आजवर माहीत असलेले सगळे धोंडे त्या यादीत असतात. मग त्याने पुन्हा शोधलं. मी श्वास रोखून धरला होता. तो सोडला तेव्हा मलाच खोकला आला.

“बाई,” ढगोबा म्हणाला, “यादीत नाही हा. नवा आहे. तुमचा आहे!”

आत्या उठली, ग्लासभर पाणी प्यायली आणि परत येऊन बसली. बस्स! मी तिच्या जागी असते तर खालच्या दुकानातल्या सगळ्या सायकलींच्या घंट्या वाजवून आले असते.

“एका रात्रीच्या दिसण्याला काही अर्थ नाही,” ती म्हणाली. “मोजमाप यादीवाल्यांना पाठवून ठेवू. पण दुसऱ्या रात्री परत दिसायला हवा. ज्याला परत दिसतो, शोध त्याच्या नावावर.”

“मग उद्या बघू ना!”

“उद्या आभाळ मोकळं असलं तर.”

ढगोबाने आपल्या नकाशाकडे पाहिलं आणि खुर्ची परत आपल्या टेबलाशी नेली.

घरी जेवताना मीच सगळं सांगून टाकलं. आत्या डोळ्यांनी दटावत होती, पण माझ्या पोटात काही राहतं का? बाबा तिचा धाकटा भाऊ, चेष्टेची एक संधी सोडत नाही.

“तायडे, आकाशात नाव लागणार म्हणे तुझं? आधी खाली दारावरच्या पाटीवर लावून घे की.”

“पाटीवर जागा ठेवलीस का तू? सगळी तुझ्या डिग्र्यांनी भरलीय.”

“मी त्याचं नाव ‘पिठू’ ठेवलंय,” मी जाहीर केलं.

“बाजारात तुरी!” आत्या म्हणाली आणि ताट उचलून आत गेली. पण मोरीत ती गुणगुणत होती. आत्या गुणगुणते हेच मला माहीत नव्हतं. आई माझ्याकडे बघून हसली आणि हळूच म्हणाली, “इतकी वर्षं दुसऱ्यांचेच धोंडे सांभाळतेय गं ती.”

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून धावतच गेले. जिना चढले तर दोघंही नकाशावर वाकलेली. डोंगरावर ढग. नुसते ढग नाहीत, नकाशाभर पांढरी गोधडी पसरलेली. दुर्बिणीचं छप्पर बंद.

“एक फट येतेय,” ढगोबा म्हणाला. “पश्चिमेकडून. छोटी आहे. फार तर एका धोंड्यापुरती.”

“एकच तर हवाय!” मी म्हटलं.

आत्याने मला जवळ बोलावून तिची यादी दाखवली. तिच्याकडे एक प्रोग्राम आहे. कोण किती फिका आहे, आकाशात किती वर आहे, चंद्राच्या किती जवळ आहे, कुणाची वाट अजून कच्ची आहे, असं सगळं जुळवून तो रोज क्रम लावून देतो. आत्या त्याच्याशी भांडते, ओळी वरखाली सरकवते. त्या दिवशी मात्र तिने एकही ओळ हलवली नव्हती. सगळ्यांत वर एक लांबलचक आकड्यांचा धोंडा होता. पिठू खालून दुसरा.

“हा वरचा कोण?”

“हा मागच्या महिन्यात दुसऱ्यांना सापडला. अजून तीसेक वर्षांनी तो पृथ्वीच्या फार जवळून जाणार आहे. आदळायची शक्यता अगदी थोडी आहे, पण ती शून्य झालेली नाही. उद्यापासून तो सूर्याच्या उजेडात बुडतो. आज मोजला तर वाट पक्की होईल. नाही मोजला तर कित्येक वर्षं टांगती तलवार.”

“पण जगात बाकी दुर्बिणी आहेत ना? त्यांना बघू दे की!”

“सकाळपासून तेच विचारतेय मी. एकीकडे ढग, एकीकडे वादळ, एकीची दुरुस्ती चाललीय. आणि बाकीच्यांना तो दिसण्याइतके मोठे डोळे नाहीत.”

“मग पिठू?”

“फट टिकली तर त्याच्यानंतर.”

ती किटलीत पाणी घालायला बाहेरच्या नळावर गेली. मी ढगोबाकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने आत्याच्या टेबलावर हात लांबवला आणि खालून दुसरी ओळ ओढून सगळ्यांत वर नेऊन ठेवली.

“बाई कधीच करणार नाहीत,” तो पुटपुटला. “कुणीतरी करायलाच हवं.”

मला आनंदाने किंचाळावंसं वाटत होतं आणि ती ओळ परत खाली ओढावीशीही, दोन्ही एकदम.

फट आली. छप्पर उघडलं. पडद्यावर दुर्बीण वळल्याचे आकडे भराभर फिरू लागले. आत्या किटली घेऊन दारात आली आणि तिथूनच थबकली. आकडे फिरताना नुसते पाहून तिला कळलं, दुर्बीण कुठे चाललीय ते.

“हे कुणी केलं?”

“बाई, दहा मिनिटांचं काम आहे,” ढगोबा घाईघाईने म्हणाला. “आधी तुमचा, मग लगेच तो. फट टिकेल.”

“टिकेल, असं तुमचा नकाशा म्हणतोय?”

ढगोबाने पडद्यावरचा नकाशा झटकन मिटवला.

“आत्या, प्लीज!” मी म्हटलं. “तू काहीच नाही केलंस. आपोआप झालं असं समज ना!”

किटली अजून तिच्या हातातच होती. दुर्बीण पिठूच्या जागी पोहोचत आली होती. नुसतं उभं राहायचं होतं तिला. काहीही न करता तिथे उभी राहिली असती, तर तिचा धोंडा तिला मिळाला असता, आणि जगात कुणी तिला एक शब्द विचारला नसता. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिला तो किती हवा होता, ते त्या दिवशी मला दिसलं. तिचा खालचा ओठ मी रडू आवरते तेव्हा माझा होतो तसा झाला होता. आमच्या दोघींचा ओठ एकसारखा आहे, हे मला तेव्हा कळलं.

तिने किटली जमिनीवर ठेवली, टेबलाशी आली आणि थांबवायचं बटण दाबलं. आकडे थांबले. तिने ओळ खाली ओढली, जागच्या जागी, आणि दुर्बीण परत वळवली.

“दवाखान्यात एकदा माझा सख्खा भाऊ दाढ धरून बसला होता,” पडद्यावरची नजर न काढता ती म्हणाली. “तुझा बाप. तेवढ्यात जबडा फुटलेलं एक पोर आलं. कुणाला आत सोडलं असेल मी?”

“बाबाला नाही.”

“अजून बोलून दाखवतो तो.” मग जरा थांबून म्हणाली, “ज्या वर्षी हा धोंडा जवळून जाणार आहे ना, त्या वर्षी तू माझ्या आत्ताच्या वयाची असशील.”

फोटो एकेक करून येत राहिले. खाली कुणीतरी चाकाला हवा भरत होतं, फुस्स, फुस्स. तो लांबलचक आकड्यांचा धोंडा सगळ्या फोटोंत आला, फिका पण स्पष्ट. शेवटच्या फोटोत तारे धुरकट झाले. आत्याने पिठूची ओळ सुरू केली तेव्हा नुसता राखाडी पडदा आला, आणि छप्पर आपलं आपण बंद झालं.

“बाई, मी उगाच…” ढगोबा म्हणाला. “वळण्यात वेळ गेला. तेवढ्यात कदाचित…”

“नसतं झालं,” आत्या म्हणाली. “आणि उद्यापासून माझ्या टेबलाला हात लावायचा असेल तर आधी चहा करून आणायचा. ती किटली उचला.”

दुसऱ्या दिवशी त्या धोंड्याची वाट नव्याने मांडलेली आली. आदळायची शक्यता शून्य. कुठेही बातमी आली नाही. ‘काही होणार नाही’ याची बातमी कोण छापतं? मी वर्गात सांगितलं तर एकजण म्हणाला, “मग तुझ्या आत्याने केलं काय?” मी त्याला सगळं सांगितलं. अख्खी मधली सुट्टी सांगितलं. शेवटी तो म्हणाला, “बरं बाई, वाचलो आम्ही,” आणि त्याने मला स्वतःचा खाऊ दिला.

डोंगरावरचे ढग मात्र आठवडाभर हलले नाहीत. हलले तेव्हा पिठू कुठल्या कुठे गेला असणार. त्याला शोधायचं म्हणजे आकाशाचा केवढा तरी पट्टा विंचरायचा, आणि तेवढा वेळ आत्याच्या दुर्बिणीकडे नव्हता. आत्याने तो मागितलाही नाही. मोरीतलं गुणगुणणं बंद झालं. बाबाने एकदा चेष्टेसाठी तोंड उघडलं आणि आईने त्याच्या ताटात न मागता भाजी वाढली.

मग माझी सहामाही परीक्षा झाली, निकाल लागला, मी गणितात पहिल्यांदा वर्गात दुसरी आले (हे लिहायलाच हवं!) आणि ते सांगायला जिना चढून गेले, तर ढगोबा दारातच उभा.

“सापडला,” तो म्हणाला.

पिठू दुसऱ्यांना सापडला होता. कुठल्या तरी दूरच्या मोठ्या दुर्बिणीला, दोन रात्री लागोपाठ. त्याची वाट मागे मागे नेत गेल्यावर ती आत्याने पाठवलेल्या त्या एका रात्रीच्या मोजमापाला बरोब्बर येऊन मिळाली. आता तो यादीत होता. शोध त्यांच्या नावावर. मोजमापांच्या तक्त्यात सगळ्यांत वरची ओळ तेवढी आमची. नाव नाही, नुसती दुर्बिणीची खूण.

“हे चूक आहे!” मी म्हटलं. “आधी तू पाहिलास! त्यांना लिही ना!”

“काय लिहू? नियम माहीत आहे मला. आणि त्यांनी मेहनत केलीय.” आत्या तो तक्ता वाचत होती, चष्मा कपाळावर. “मला वाटलं होतं, गेला आता कायमचा. चांगला मोठा धोंडा आहे की गं. आणि आपल्या वाटेतही नाही. गुणी आहे.”

मग तिने त्या दिवशीची यादी लावली. प्रोग्रामने पिठूलाही घेतलं होतं, सगळ्यांत शेवटी. त्याला आता कसली घाई नव्हती.

“निदान आज तरी वर घे त्याला,” मी म्हटलं.

“आज आधी हे तिघं. त्यांची वाट कच्ची आहे.” तिने एकही ओळ हलवली नाही. “तू गणिताचा पेपर दाखव.”

तिघं झाले. मग आणखी काही झाले. माझा पेपर वाचून झाला, दोन ठिकाणी तिने माझी चूकही काढली. ढगोबा घरी गेला, खालच्या दुकानाचं शटर पडलं. डोंगरावर पहाट व्हायला आली होती. आत्याने स्वेटर चढवला, पर्स खांद्याला लावली, खिडकी बंद केली. मला वाटलं निघालो, म्हणून मी जिन्यापर्यंत गेलेसुद्धा. मागे पाहिलं तर ती टेबलाशी उभीच होती.

शेवटच्या ओळीचे फोटो येत होते. ती बसली नाही. पर्सचा पट्टा धरून, जराशी वाकून बघत राहिली. तिकडचं आकाश उजळत चाललं होतं, प्रत्येक फोटो आधीच्यापेक्षा पांढुरका. त्या पांढुरक्यात, मधोमध, एक ठिपका पुढे सरकला.

“आहे,” आत्या म्हणाली, आणि खुर्ची आत सरकवून तिने दिवा मालवला.