उजवीकडे बंद असलेली फळी

मी एक जुनी सागवानी फळी आहे. सोलापुरातल्या मुलींच्या एका शाळेत कपाटामागे उभी असते. माझ्या अंगावर दोन लांब पट्ट्या ठोकलेल्या आहेत आणि त्यांच्यामधल्या खाचेत इंग्रजी शब्दांच्या लाकडी पाट्या सरकतात. तुमच्याकडे तोंड करून उभी राहिले, की तुमच्या डाव्या हाताची बाजू उघडी दिसते आणि उजव्या हाताची बंद. लोक म्हणतात, मी चुकीची बनले. खरे आहे, मी चुकीचीच बनले. पण मित्रांनो, मला त्याची लाज वाटत नाही आणि तुम्हीही माझी कीव करू नका.

माझे लाकूड एका मोडक्या मागाचे. सात रस्त्याजवळ रहिमतुल्ला मिस्त्रींचे दुकान होते. माग दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. एका दुपारी शाळेच्या म्हाळसाबाई तिथे आल्या. त्या केम गावच्या धनगराची लेक. लहानपणी मेंढरांमागे फिरल्या, पुढे व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, झाल्या आणि मग स्वतःच्या हिमतीवर इंग्रजी शिकल्या. शाळेत इंग्रजी पहिलीचा वर्ग नुकताच निघाला होता आणि दुसरे कोणी मिळेपर्यंत म्हणून तो त्यांच्याकडे दिला होता.

"मिस्त्री, जिथून ओळ सुरू होते ती बाजू बंद ठेवा," बाईंनी सांगितले. "म्हणजे पहिली पाटी तिथे टेकेल आणि बाकीच्या तिला चिकटून बसतील."

मिस्त्रींनी मान डोलावली आणि मन लावून काम केले. पाचर ठोकली, सरस भरला, रंधा मारला. मी तयार झाले तेव्हा माझी उजवी बाजू पक्की बंद होती. मिस्त्री उर्दू वाचणारे. त्यांच्या हिशेबी ओळ उजवीकडूनच सुरू होते, आणि यात विचारण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटलेच नाही.

बाईंनी मला पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"ओळ हितनंच तर सुरू होती की, बाईजी," मिस्त्री म्हणाले. मग बाईंनी बरोबर आणलेल्या पाट्यांवरची अक्षरे पाहून त्यांनी जीभ चावली. "या अल्ला! तुमची विंग्रजी तिकडनं येती व्हय? थांबा, कापून देतो."

मिस्त्रींची मुलगी सायराबानू बाईंच्याच वर्गात होती. वडील करवत शोधत होते तोवर तिने हाताला लागतील तशा पाट्या माझ्यात सरकवल्या. आधी 'अ शेफर्ड', म्हणजे एक धनगर. मग 'सॅट', बसला होता. शेवटी 'अंडर द ट्री', झाडाखाली. पहिली पाटी थेट उजव्या टोकाला जाऊन टेकली, बाकीच्या तिच्यामागे थांबल्या. बाईंनी सहज डावीकडून वाचले, 'अंडर द ट्री सॅट अ शेफर्ड.'

त्यांनी ते पुन्हा वाचले आणि म्हणाल्या, "मिस्त्री, करवत ठेवून द्या."

मित्रांनो, मी उलटी असूनही ते वाक्य इंग्रजीत अगदी बरोबर होते. जागा सांगणारे शब्द पुढे आले, की इंग्रजीत कधी कधी क्रियापद आधी उठते आणि कर्ता मागून येतो. आपल्या मराठीत 'झाडाखाली धनगर बसला' म्हणताना क्रियापद शेवटची जागा सोडत नाही. इंग्रजीचे तसे नाही. पण हे दर वेळीही घडत नाही. बाजारात धनगराने मेंढी विकली, असे म्हणायचे असेल, तर 'इन द मार्केट' पुढे येते खरे, पण धनगर आपली जागा सोडत नाही. तो 'सोल्ड' या क्रियापदाच्या आधीच उभा राहतो. हे सगळे पुस्तकात कुठेतरी बारीक अक्षरांत असेल. मुली ते माझ्या खाचेत हातांनी शिकल्या. उजव्या टोकाची पाटी बदलायची तर आधी बाकीच्या सगळ्या काढाव्या लागत. त्यामुळे घाई चालत नसे. कोण कोणाच्या आधी, याचा विचार करूनच हात घालावा लागे.

एकदा बाईंचे वडील बिरप्पा केमहून आले. घोंगडी सावरत त्यांनी माझ्यावरून बोट फिरवले.

"म्हाळसे, ही एकाच तोंडाची हाय की गं."

"व्हय आण्णा, मिस्त्री चुकला."

"चुकला कसला? मेंढरं कोंडायच्या वाडग्याला तरी कुटं दोन तोंडं असत्यात? लई झ्याक हाय."

बाई खूप दिवसांनी मोठ्याने हसल्या.

हेडमास्तरांना मात्र मी पहिल्या दिवसापासून नको होते. सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून फार दिवस झाले नव्हते. गावात कोणी 'नाही' म्हटले, की शाळेच्या संस्थेतल्या मोठ्या माणसांना घाम फुटे, आणि म्हाळसाबाई 'नाही' फार स्पष्ट म्हणत. पुण्याहून दिपोटी साहेब, म्हणजे शाळाखात्याचे डेप्युटी, तपासणीला येणार असे कळले तेव्हा हेडमास्तरांनी त्यांना बोलावले.

"बाई, साहेबांपुढे पाठ द्यायचा आहे. पाठ उतरला तर वर्ग तुमचा. नाही उतरला तर तुम्ही बिगरीच्या चिमुरड्या पोरी सांभाळा."

"आणि इंग्रजी कोण शिकवणार?"

"मुलांच्या शाळेतून एखादे मास्तर मिळतात का बघू. नाही मिळाले तर वर्ग बंद. आणि हे पाहा, ते उलटे लाकूड साहेबांच्या नजरेला पडता कामा नये."

"फळी नसेल तर पाठ नाही," बाई म्हणाल्या.

"हट्ट करता तुम्ही."

"करते."

त्या सकाळी बाईंनी मला टेबलावर उभे केले. मास्तर शिकवणार म्हटले, तर निम्म्या आया मुलींना घरी बसवतील, हे बाईंना ठाऊक होते. सायराबानू तर दुसऱ्याच दिवशी बसली असती.

धनगराचे वाक्य छान झाले. मग दिपोटी साहेब खुर्चीतून उठले. त्यांनी पाट्या चाळल्या आणि 'ही' उचलून सुंदरम्माच्या हातात दिली. 'ही' म्हणजे तो. "आता धनगराच्या जागी 'ही' घाल," ते म्हणाले.

सुंदरम्मा विणकराची, घरी तेलुगू बोलणारी मुलगी. तिने सवयीने पाट्या सरकवल्या. माझ्या अंगावर वाक्य उभे राहिले, 'अंडर द ट्री सॅट ही.' साहेब हसले. हेडमास्तर खिडकीबाहेर पाहू लागले.

"काय बाई, फळी चुकली की मुलगी?"

"थांबा, साहेब," म्हाळसाबाई म्हणाल्या. साहेबांना थांबा म्हणणारे माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. "सुंदरम्मा, मोठ्यांदा वाच."

तिने वाचले आणि तोंड वाकडे केले. "बाई, कसंतरीच लागतंय."

"मग काढ. सगळ्या काढ."

पाट्या एकेक करून बाहेर आल्या. आता आधी 'सॅट' आत गेली, मग 'ही', मग 'अंडर द ट्री'. डावीकडून वाचले तर, 'अंडर द ट्री ही सॅट.' या वेळी साहेब हसले नाहीत.

"असं का केलंस?" त्यांनी विचारले.

सुंदरम्माने बाईंकडे पाहिले. "धनगर नवा माणूस हाय की, साहेब," ती म्हणाली. "आधी झाड दिसतं, मग कोण बसलंय ते कळतं. 'ही' म्हणजे आपल्या ओळखीचाच. त्याला कशाला शेवटपर्यंत लपवायचं?"

मागच्या बाकावर कोणीतरी खुदकन हसले. साहेबांनी मान हलवली आणि जाताना हेडमास्तरांना दोन गोष्टी सांगितल्या. वर्ग बाईंकडेच राहू द्या. आणि शाळेत उलटे सामान शोभत नाही, या फळीची बंद बाजू कापून घ्या.

दुसऱ्या दिवशी रहिमतुल्ला मिस्त्री करवत घेऊन शाळेत आले, पण माझ्याजवळ येऊन नुसते उभे राहिले. "बाईजी बोलतील तर कापतो," ते म्हणाले.

"साहेबांचा हुकूम शाळेच्या सामानाला आहे," बाई म्हणाल्या. "फळी माझी आहे. मजुरी मी दिली आहे."

हेडमास्तर लाल झाले. "मग ती शाळेत ठेवायची नाही!"

"नाही ठेवत."

त्या संध्याकाळी बाईंनी मला खांद्यावर घेतले आणि सात रस्त्यावरून घरी नेले. दुसऱ्या सकाळी परत आणले. मग रोज तेच. दुकानदार थट्टा करत, "बाई, माग घेऊन कुठं निघाला?" बाई म्हणत, "विणायला." पावसात त्या मला घोंगडीत गुंडाळत आणि स्वतः भिजत. पुढच्या खेपेला दिपोटी साहेबांचा टांगा रस्त्यातच आमच्याजवळ थांबला.

"फळी अजून बंदच का?"

"बंदच, साहेब."

"टांग्यात तरी ठेवा."

"नको. खांद्याला सवय झाली आहे."

सुंदरम्माच्या पाठोपाठ कितीतरी मुली माझ्यापुढून शिकून गेल्या. मग बाईंची बदली करमाळ्याला झाली. नव्या हेडमास्तरांनी फार हरकत घेतली नाही, म्हणून बाईंनी मला वर्गात ठेवले. माझ्या उजव्या टोकावर त्यांनी एकदा हात ठेवला आणि त्या निघून गेल्या. त्यानंतर मी कपाटामागे गेले. 'इन द मार्केट' ची पाटी हरवली. मला उभी धरणारा मागचा टेकू ढिला झाला. खाचेत खडूची भुकटी आणि झुरळे.

आता नवे मास्तर मला बाहेर काढणार आहेत. काल ते शिपायाला म्हणाले, "लाकूड चांगलं आहे. एक बाजू कापली, की कामाला येईल."

मित्रांनो, माझी काळजी घ्यायची असेल तर जरूर घ्या. धूळ पुसा. खाचेला थोडे तेल लावा. टेकूला नवा खिळा मारा. हरवलेली पाटी पुन्हा रंगवा. पण करवत आणू नका. मिस्त्रींना चूक कळली होती, बाईंना कळली होती, तरी दोघांनीही मला कापले नाही. खात्री नसेल तर एखाद्या मुलीला माझ्यापुढे उभे करा आणि तिच्या हातात पाट्या द्या. ती चुकली, तर सगळ्या काढून पुन्हा घालू द्या. माझी उजवी बाजू बंद आहे. ती बंदच राहील.