कुणाचं विमान पडलं?

या, असे जवळ सरकून बसा. आज देवाची नव्हे, एका बहिणीच्या रागाची गोष्ट सांगतो. राग तरी कुणाचा? त्या देवानंच दिलेला.

पंचाहत्तर साली सोलापुरातल्या एका कॉलेजात विज्ञानाचं प्रदर्शन भरलं होतं. गोजाबाई कुंभारीहून आली होती, धाकट्या भावाचं, येडूचं यंत्र बघायला. टेलिफोनच्या भंगारातून त्यानं विमानांच्या लढाईचा खेळ जुळवला होता. त्याला तो ऐटीत कॉम्प्युटर म्हणायचा. दोघांनी समोरासमोर बटणं दाबायची, कुणाचं विमान पडलं ते यंत्र ठरवणार. फळीवर दिव्यांच्या दोन ओळी. डावीकडची आपली, उजवीकडची शत्रूची. विमान पडलं की दिवा विझे आणि ठणाणा घंटा वाजे.

घंटा वाजली की गर्दी टाळ्या पिटायची. गोजाबाईनंही पिटल्या. मग तिचं लक्ष गेलं. विझलेला दिवा डावीकडचा होता.

तिचे हात जागीच थिजले. मधला भाऊ धुळा, एकाहत्तरच्या लढाईत विमान घेऊन गेला तो परत आलाच नव्हता. अन् आपण टाळ्या वाजवल्या!

पुन्हा घंटा झाली. पुन्हा डावीकडचाच दिवा, पुन्हा टाळ्या.

"अरे मुडद्यांनो, आपलं पडलंय की! कशाला हसताय?"

येडू धावत आला. "अक्का, वरडू नगंस. परीक्षक यायलेत. खेळ हाय त्यो. गणित बरोबर हाय माझं."

"गणित बरोबर अन् टाळ्या चुकीच्या व्हय रं? आपल्या बिरोबाच्या देवळात बुवा कीर्तनाला उभा राहतो, तवा रणात वीर पडला की आदी झांज थांबवतो. मग नाव घेतो, कुणाच्या पोटचा ते सांगतो. तुझी घंटा मातुर दोगांला सारकीच! सगळे दिवे पिवळे. आपलं कुटलं अन् त्येंचं कुटलं, कळायचं कसं? दोन रंग लावाया काय धाड भरली होती तुला?"

"लावलं होतं की!" येडूचा आवाज फाटला. "आपलं निळं केलं होतं. निळा दिवा इझला की मला धुळादादाच दिसायचा. बघवंना. म्हणून म्या रंग खरवडून टाकला."

गोजाबाईचा राग ओसरला नाही. उलट दुप्पट झाला. "तुला बघवंना, म्हणून लोकांनी टाळ्या पिटायच्या?"

येडू दात खाऊन वाकला आणि डाव्या ओळीची घंटेकडे जाणारी तार हिसकून काढली.

परीक्षक आले. खेळ सुरू झाला. उजवीकडचा दिवा विझला, घंटा वाजली, टाळ्या पडल्या. मग डावीकडचा विझला. आवाज नाही. वर गेलेले हात तसेच खाली आले.

"घंटा वाजली नाही," परीक्षकांनी कपाळाला आठी घातली. "यंत्र बिघडलंय तुमचं. गुण कापावे लागतील."

"कापा, साहेब," येडू तडकून म्हणाला. "बिघडलं न्हाय त्ये. आमचं माणूस पडलंय."

बक्षीस दुसऱ्याला गेलं. तर मंडळी, तुम्ही एवढं करा: आज जेवायला बसाल, तेव्हा पहिल्या घासाआधी त्या धुळाचं नाव घ्या.