लख्ख केलेले नाणे

मित्रांनो, मी एक जुने नाणे आहे, पण आज मला पाहून तुमचा त्यावर विश्वास बसणार नाही. बटणासारखी गुळगुळीत, कडेला जराशी वाकडी, काशाची एक चकती, एवढेच तुम्हाला दिसेल. माझ्याकडे सांगण्यासारखे जे होते ते माझ्या अंगावर कोरलेले होते. ते आता उरलेले नाही, म्हणून तोंडाने सांगते.

जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी, यहूदिया नावाच्या देशात माझा जन्म झाला. तो देश तेव्हा एका बलाढ्य साम्राज्याविरुद्ध उठला होता. तापलेल्या काशाच्या तुकड्यावर ठसा ठेवून एका कारागिराने घणाचा घाव घातला आणि माझ्या एका अंगावर सुरई उमटली, दुसऱ्या अंगावर द्राक्षवेलीचे पान. पानाभोवती उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरे होती. त्यांचा अर्थ होता, या भूमीचे स्वातंत्र्य. ते स्वातंत्र्य फार टिकले नाही. शहराला वेढा पडला, धान्य संपले, आणि ज्या बाईच्या पदराच्या गाठीत मी होते तिने मला घराच्या जमिनीत पुरले. परत येऊन काढू, असे तिने लेकीला सांगितले होते. कुणीच आले नाही. वर सगळे जळाले.

मातीत मी पडून राहिले. हळूहळू माझ्या अंगावर गर्द हिरवा थर चढला. मित्रांनो, तो मळ नव्हता. त्या थरानेच माझे पान, पानाच्या शिरा आणि ती अक्षरे इतकी वर्षे सांभाळली. त्याच्याखालचे माझे कासे केव्हाच कुरतडले गेले होते. अक्षरे होती ती त्या हिरव्या थरातच.

पुढे कुणाच्या तरी कुदळीने मला वर काढले. हात बदलत बदलत मी एका नाणी विकणाऱ्या बाईंच्या पेटीत आले. दरवर्षी एका मोठ्या सभागृहात नाण्यांचे प्रदर्शन भरे. तिथे लांबलचक टेबले, त्यांवर काचेची झाकणे, दिव्यांचा पांढरा उजेड आणि सतत काहीतरी पुकारणारा ध्वनिक्षेपक असे. बाईंच्या टेबलापाशी दरवर्षी एक गृहस्थ येत. छापखान्यात मुद्रिते तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. जुनी अक्षरे ते स्वतःच पुस्तकातून शिकले होते. बाई न विचारता भिंग पुढे करत. गृहस्थ मला तळहातावर घेऊन एकेक अक्षर हळू आवाजात वाचत, शेवटचे अक्षर झाले की हसत, आणि मला परत ठेवत.

"या वर्षी तरी न्या," बाई म्हणत.

"पुढच्या वर्षी नक्की. यंदा घराचं छप्पर गळतंय," ते म्हणत. कधी छप्पर असे, कधी बायकोचे आजारपण. पण ते येत. माझ्या उभ्या आयुष्यात मला इतक्या मायेने कुणी वाचले नाही. मी त्यांची वाट पाहू लागले होते.

एका वर्षी ते आले नाहीत. त्यांच्याऐवजी त्यांच्यासारखेच नाक असलेला, दंडाने भक्कम, नखांत काळी रेघ असलेला माणूस आला.

"माझा दादा तुमच्याकडे यायचा बघा. ते पान असलेलं नाणं त्याला हवंय."

"ते का नाही आले?"

"अर्धं अंग गेलंय त्याचं. बोलणंही तुटक झालंय. पण परवा वहिनीला म्हणाला, नाणं. दोनदा म्हणाला. मग म्हटलं, आणतोच."

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी किंमत निम्म्यावर आणली. मला कागदात गुंडाळताना त्या म्हणाल्या, "हे आहे तसंच द्या हं त्यांना. याला काही करू नका." तेवढ्यात ध्वनिक्षेपकावर लिलाव पुकारला गेला, माणसांचा लोंढा मध्ये आला. धाकटा "हो, हो" म्हणाला आणि मला खिशात घालून निघाला. त्याला वाटले, बाई सांभाळून न्या म्हणतायत.

मित्रांनो, धाकटा वाईट माणूस नव्हता. पितळी मुठी, समया, बक्षिसाचे करंडक उजळवून देण्याचे त्याचे दुकान होते. वडिलांकडून ते त्याच्याकडे आले होते. थोरल्याला पुस्तकांची ओढ, म्हणून याने शाळा सोडून घासायच्या चाकावर बसणे पत्करले होते. काळे पडलेले काही दिसले की त्याचे हात शिवशिवत. त्याने मला दिव्याखाली धरले आणि स्वतःशीच म्हणाला, "असं घाणेरडं काय द्यायचं दादाला? त्याला काहीतरी लख्ख दिसू दे."

त्याने मला तेजाबात टाकले. माझा थर फसफसून सुटला. मग तारेचा ब्रश आला, आणि मग ते फिरते चाक. ते किंचाळत होते. पानाच्या शिरा गेल्या. मग पान गेले. अक्षरे एकामागून एक गेली. गृहस्थ जे शेवटचे अक्षर वाचून हसत, ते जरा खोल होते. तेही गेले. मला ओरडता आले असते, तर मी ओरडले असते. धाकटा मात्र शीळ घालत होता. त्याने मला मऊ फडक्याने पुसले आणि अंगठीच्या मखमली डबीत ठेवले.

थोरल्याची खाट खिडकीशी होती. उशाशी भिंग तयार ठेवलेले होते.

"दादा, बघ काय आणलंय! डोळे मीट आधी," धाकटा म्हणाला. त्याने डबी उघडली. "बघ आता. सोन्यासारखं निघालं की नाही? काय अवस्था होती त्याची! सगळा मळ काढला."

थोरल्याने चांगल्या हाताने मला उचलले. भिंग त्यांनी घेतलेच नाही. अंगठा माझ्यावरून एकदा फिरवला, मला उलटे केले, पुन्हा फिरवला. त्यांनी भावाच्या तोंडाकडे पाहिले. तो लहान मुलासारखा शाबासकीची वाट पाहत होता.

"छान," ते म्हणाले. आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

"वहिनी, इकडे या!" धाकटा ओरडला. "दादाला आनंदानं रडू आलंय बघा!"

दुसऱ्या दिवशी दादा झोपेत असताना धाकट्याने वहिनींना विचारून मला खिशात घातले. प्रदर्शनाचा शेवटचा दिवस होता. बाईंना सांगायचे होते, दादा किती खूश झाला म्हणून. त्याने डबी त्यांच्यापुढे उघडली. बाईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"हे काय केलंत हो तुम्ही?"

"म्हणजे?"

बाईंनी पेटीतून माझ्याच जातीचे दुसरे नाणे काढले. ते माझ्याहून झिजलेले होते, पण हिरवे होते आणि त्यावर तीन अक्षरे दिसत होती. त्यांनी ते माझ्या शेजारी ठेवले. "ते हेच वाचायला यायचे. नाणं नव्हतं हवं त्यांना. अक्षरं हवी होती." धाकटा आळीपाळीने आम्हा दोघांकडे पाहत राहिला.

तो तसाच तडक दादाच्या घरी आला आणि खाटेपाशी खाली बसला.

"दादा, तुला कालच कळलं होतं ना?"

"हो."

"मग बोलला का नाहीस? माझ्या थोबाडीत का नाही मारलीस?"

थोरल्याला शब्द जुळवायला फार वेळ लागला. "तू... खूश होतास."

धाकट्याने खाटेच्या कडेवर कपाळ टेकले. थोरल्याचा हात त्याच्या केसांवर गेला. पण मित्रांनो, त्या हातानेही काही भरून आले नाही. त्यानंतर धाकटा येई तो दारातच बसे. दादाच्या नजरेला नजर द्यायला त्याला जमेना, आणि दादाला हाक मारून जवळ बोलावण्याइतके बोलता येईना. भिंग वहिनींनी उचलून ठेवले. थोरल्याने मला पुन्हा मागितले नाही. पानगळीच्या दिवसांत ते गेले. धाकटा त्या वेळीही दारातच होता.

आता मी एका खणात आहे. सुट्ट्या किल्ल्या आणि तुटक्या चष्म्याच्या काड्या यांच्यात पडून असते. वहिनींना मी टाकवत नाही आणि पाहवतही नाही. माझा थर गेल्यापासून माझ्या उघड्या अंगाला हवा लागते. फिकट हिरवी भुकटी सुटू लागली आहे. ही त्या जुन्या थरासारखी सांभाळणारी नाही, ही खाणारी आहे. तिच्याखाली खड्डे पडतात. हे थांबवता येते म्हणतात, पण त्यासाठी कुणीतरी खण उघडायला हवा.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर तिला घासू नका. जाणत्याला विचारा. आणि ज्याच्यासाठी ती नेताय त्यालाही विचारा, की तुला यात काय दिसते? धाकट्याने एवढेच विचारले असते, तर थोरल्याने तुटक का होईना, सांगितले असते. विचारायला दुकानापासून दादाच्या घरापर्यंत फक्त दोन गल्ल्या ओलांडायच्या होत्या. मी तेव्हा त्याच्या खिशातच होते.