पळीसारखं नख

आमच्या सामोआत केवड्याचं पातं अंगठ्याच्या नखाने चिरायचं असतं. सुरीने चिरलेलं मी नुसत्या हाताने ओळखते आणि तोंडावर फेकते. या किनाऱ्यावर माझ्यासारखी बारीक चटई कुणी विणत नाही. पण या हंगामात माझं नख मधोमध खोलगट झालं, पळीसारखं. पातं धरलं की नखाचाच टवका उडायचा, पातं वाकडं फाटायचं. मी खुशाल सुनेवर ओरडायची, "फेतू, पाती नीट उकळत जा की!" ती बिचारी पुन्हा उकळायची.

महिला मंडळाच्या घरात आम्ही बायका विणत बसलो होतो, फेतूही होती, तिथेच नर्स मेलेआने आली. माझा हात उलटसुलट केला, पापणी खाली ओढली.

"मावशी, नखाला लोह लागतं, जस्त लागतं. तुमच्या अंगात रक्तच नाही. मासे, मटण मिळतं ना घरी?"

सगळ्यांचे हात थांबले. शेजारच्या सोसेफीनाची जीभ थांबेल तर शप्पथ!

"मिळत असणार की. कुणाच्या पोटात जातं ते दिसतंय. सून बघा कशी भरलीय!"

फेतूचं तोंड उतरलं. "चांगला तुकडा मी सासूबाईंनाच वाढते," एवढंच म्हणाली.

खरंच वाढते. मी जेवते तेव्हा ती पंखा हलवत बसते, माझं झाल्यावर मग स्वतः जेवते. म्हातारीला उपाशी ठेवते अशी बोंब उठली, तर पोरीला माहेरीसुद्धा मान वर करता येणार नाही. आणि तो तुकडा मी तिला पाणी आणायला पिटाळून कुत्र्याला घालत होते. माझ्या दाढा गेल्यात. पुढचे दात शाबूत, म्हणून हसताना कळत नाही. मी आपली नीरफणस चहात बुडवून गिळायची. दुसऱ्यांच्या बोळक्यांना मी काय काय नावं ठेवलीत!

"बोल की गं," सोसेफीना म्हणाली. "सून खाते ना?"

कान तापले. उठून जावंसं वाटलं. पण फेतू रडत होती.

मी सोसेफीनापुढे आ वासला. "बघ, आहे का एक तरी दाढ? मटण कुत्रा खातो. पोरीचं नाव घेतलंस तर उरलेल्या दातांनी चावेन."

बायका खो खो हसल्या. मेलेआनेने सगळ्यांसमोर तोंडात टॉर्च मारली. मी डोळे मिटून घेतले.

संध्याकाळी फेतूने मासा काटे काढून, कुस्करून, नारळाच्या दुधात कालवून वाढला. बाळाला भरवतात तसा. मी सगळा खाल्ला. तिच्याकडे बघायची मात्र हिंमत झाली नाही.