बिनअस्तराची शाल

"अस्तर लगाए बगैर नई देता मैं," गनीचाचा म्हणाले आणि त्यांनी शाल परत आपल्या मांडीवर ओढून घेतली.

नवाबपुऱ्यातल्या त्यांच्या घरात मी उकिडवा बसलो होतो. शनिवारची सकाळ होती. मागाच्या खड्ड्यावर फळ्या टाकलेल्या होत्या आणि त्यांवर एक मोटारसायकल उभी होती. दोन्ही मुले वाळूजच्या कंपनीत लागल्यापासून माग बंद पडला होता. हाताने हिमरू, म्हणजे सुतात रेशमी फुले भरलेले कापड, विणणारे घर शोधत मी तीन दिवस हिंडत होतो. शहागंजात हिमरू म्हणून जे दाखवत ते यंत्रावरचे असे. ही शाल मात्र गनीचाचांच्या वडिलांनी विणलेली होती. काळ्या सुतावर डाळिंबी रेशमाची फुले, एकही दुसऱ्यासारखे नाही. पेटीतून काढल्यावर तिला कडुनिंबाच्या पाल्याचा वास येत होता.

"सोमवार दोपहर कू आव. हमारे घर में टाकके देती."

"सोमवारी शहर बंद ठेवणार म्हणतात, चाचा. आणि मला सोमवारी संध्याकाळीच लागते. आमच्या घरी मशीन आहे. अस्तर लावून घेतो मी."

"किसकू देना है? जमाई कू?"

"नाही. आमच्या वाचनालयातला शिपाई निवृत्त होतोय."

"चपरासी कू हिमरू?" चाचांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले. मग फुलांवरून एकदा हात फिरवला. "लेव. लेकिन अस्तर जरूर लगाना."

पिशवी छातीशी धरून मी औरंगपुऱ्यापर्यंत चालत आलो. रिक्षात बसलो तर कोणी विचारेल, पिशवीत काय आहे, अशी उगाच भीती वाटत होती.

पुंजाराम आमच्या वाचनालयात एकोणतीस वर्षे शिपाई होता. मी देवघेवीच्या टेबलावर बसे आणि उरलेल्या वेळात फाटकी पुस्तके शिवत असे. चारचौघांत तो मला साहेब म्हणे, एकटे असलो की बद्रीभाऊ. व्याख्याता येवो की निवृत्त होणारा कारकून, सत्काराची शाल आणायला शहागंजात पुंजारामच जाई. तबक तोच धरी. आमच्याकडची रीत अशी की शाल खांद्यावर पडली, टाळ्या झाल्या की मिनिटभरात ती उतरायची. मग पुंजाराम पुढे होई, दोन्ही टोके धरून ती एकदा जोरात झटकी, चार घड्या घाली आणि पाहुण्याच्या पिशवीत ठेवी. प्रत्येक वेळी शालीवर अंगठा फिरवून तो माझ्या कानाशी म्हणे, "मिशनीचा माल हाय, बद्रीभाऊ. हातमागाचं एकदा तरी बघायचंय."

त्याच्या स्वतःच्या सत्काराचे मी ग्रंथपाल काकासाहेबांना विचारले, तेव्हा त्यांनी आधी दार लोटून घेतले.

"वातावरण बघताय ना? विद्यापीठाचा नामविस्तार होऊन पंधरा दिवस नाहीत झाले. कार्यकारिणीतले दोघं अजून धुसफुसताहेत. त्यात पुंजारामला शाल घालायची म्हणजे लोक त्याचा भलताच अर्थ काढतील. महिनाभर जाऊ द्या."

महिन्याभराने पुंजाराम इथे नसेल, हे उत्तर मला सुचले, पण जिना उतरल्यावर. मला उत्तरे नेहमी जिन्याखालीच सुचतात.

विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून सोळा वर्षे चाललेल्या लढ्यातल्या मोर्च्यांना पुंजाराम गुपचूप जात असे. त्याने ते कधी सांगितले नाही, मीही कधी विचारले नाही. अठ्ठ्याहत्तर साली दंगल झाली तेव्हा तो अकरा दिवस कामावर आला नव्हता. गावाकडची त्यांची वस्ती जाळली, त्यात त्याच्या भावाचे घर गेले, हे मला तिसऱ्याच दिवशी कळले होते. त्याची इथली खोली माझ्या घरापासून वीस मिनिटांवर. मी गेलो नाही. रोज संध्याकाळी चप्पल घाली आणि कोपऱ्यावरून परत येई. बाराव्या दिवशी तो आला, झाडू घेतला, आणि मी त्याला विचारले, "आजारी होता का?"

त्याने झाडू भिंतीला टेकवला. म्हणाला, "व्हय."

ही शाल त्या प्रश्नासाठी होती. पुरेल असे मला वाटत नव्हते, पण दुसरे काही सुचतही नव्हते.

रविवारी दुपारी मी शाल उलटी करून खिडकीपाशी धरली. पाठीमागे सगळीकडे रेशमाचे मोकळे धागे लोंबत होते. या फुलापासून त्या फुलापर्यंत, कुठे बोटभर, कुठे वीतभर. इतकी वर्षे पेटीत पडून शाल उसवत आली असावी, असे मला वाटले. म्हणूनच चाचा अस्तराचा आग्रह धरत होते तर! पुस्तक शिवून झाले की सुटे दोरे कातरायचे, ही माझी तीस वर्षांची सवय. मी बारीक कात्री घेतली. तासभर मान वर न करता एकेक धागा मुळापाशी कापला. पाठ अगदी साफ झाली. मला फार दिवसांनी बरे वाटले.

मनकर्णाबाई, म्हणजे आमची मंडळी, अस्तराचे कापड घेऊन मशीनवर बसल्या. शाल सरळ करायला त्यांनी ती हलकेच झटकली. डाळिंबी रेशमाचे चार तुकडे त्यांच्या मांडीवर पडले.

"अहो, हे काय पडायलंय?"

मी वाकून पाहिले. एका फुलाची अर्धी पाकळी नव्हती.

"फुलं गळायलीत की! मागून काय केलं तुम्ही?"

"सुटे धागे होते. कापले."

"कापले?" त्यांनी मशीनवरचा हात उचलला. "मी नाय बाई हिला सुई लावणार. पुस्तक हाय का ते, कातरायला!"

त्या रात्री मी किती झोपलो ते ठाऊक नाही. सोमवारी सकाळी आठला नवाबपुऱ्यात पोचलो. बंदची नुसतीच आवई होती, दुकाने उघडत होती. सुटे धागे कापले, एवढेच मी सांगितले; गनीचाचांनी शाल उलटी केली आणि कापलेल्या टोकांवरून बोट फिरवले.

"ये सुटे धागे नई थे, मियाँ," शेवटी ते म्हणाले. "येइच तो फूल है. सामने एक फूल दिखताय, फिर धागा पीछे से चलके दूसरे फूल तक जाताय. उसकूच ढाकने कू अस्तर रहताय. तुमने तो जड़ां काट डाले."

माझ्या डोळ्यांत पाणी आले असावे, कारण त्यांनी घाईघाईने घरात हाक मारली. चाची बाहेर आल्या, त्यांनी शाल दोन बोटांनी चाचपली आणि कपाळावर हात मारला. "किने किया ये?" चाचांनी माझ्याकडे पाहिले, पण माझे नाव घेतले नाही.

चाचींनी अस्तराला मलमल घेतली. दिवसभर बसून एकेका फुलामागे बारीक टाके घातले, जेवायलाही उठल्या नाहीत. मी रजेचा अर्ज न देता त्यांच्या ओट्यावर बसून राहिलो, आयुष्यात पहिल्यांदा. चार वाजता शाल माझ्या हातात देताना त्या म्हणाल्या, "ओढना, मगर झटकना नक्को. एक झटका, और आधे फूल नीचे."

तिथून वाचनालयापर्यंतच्या रस्त्यात मला एकच दृश्य दिसत होते. शाल खांद्यावर पडते, उतरते, आणि पुंजाराम सवयीने ती दोन्ही टोके धरून झटकतो.

पाच वाजता वाचनकक्षात आम्ही सहाजण होतो. काकासाहेबांना मी सकाळी चिठ्ठी पाठवली होती: समारंभ नाही, नुसता चहा. ते दाराजवळ उभे होते, लगेच निघता यावे अशा बेताने. पुंजाराम सगळ्यांना कप देत होता.

"पुंजाराम, ठेवा ते," मी म्हणालो. "बसा."

"कुठं?"

मी पाहुण्यांच्या खुर्चीकडे बोट दाखवले. तो खुर्चीच्या अगदी काठावर बसला. मी दोन पाने भाषण लिहिले होते, त्यात अठ्ठ्याहत्तर सालही होते. खिशातून ती पाने काढली, अठ्ठ्याहत्तरच्या ओळीवर नजर गेली आणि ती पुन्हा खिशात घातली. नुसतीच शाल उलगडली आणि त्याच्या खांद्यांवर ठेवली. टाळ्या वाजल्या, पातळशा. काकासाहेबांनीही दोनदा टाळी वाजवली.

पुंजारामने अंगठा फिरवला. मग दुसऱ्यांदा फिरवला.

"हातमागाची हाय," तो हळूच म्हणाला. "बद्रीभाऊ, ही तर लई जुनी दिसती. कुठून काढली?"

मी त्याच्या कानाशी वाकलो. "झटकू नका. फुलं गळतील. मागचे धागे मी कापलेत. चुकून."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिले. "तुम्ही कापले?"

"हो."

तो हसला. खरोखर हसला, खांदे न हलवता. "कात्री दिसली की तुमचा हात राहत नाय. मागं एकदा पंचांगाचा चैत्रच कातरला होता तुम्ही."

"पुंजाराम," मी म्हणालो, "त्या वेळी तुम्ही आजारी नव्हता. मला ठाऊक होतं."

त्याचे हसू हळूहळू मावळले. तो शालीच्या काठाकडे पाहत राहिला. "मला बी ठाऊक व्हतं," तो म्हणाला, "तुम्हाला ठाऊक हाय ते." आणि नुसती मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

"चला, झालं मग," काकासाहेब घड्याळाकडे पाहत म्हणाले. "पुंजाराम, शाल घडी करून घे. चहा निवतोय."

पुंजाराम उठला. त्याचे हात आपोआप शालीच्या दोन टोकांकडे गेले. टोके त्याच्या मुठीत आली.

तो तसाच थांबला आणि पुन्हा खुर्चीत बसला. या वेळी पाठ टेकून.

"हिची घडी नाय घालायची, साहेब," तो म्हणाला. "ही अंगावरच राहू द्या."

काकासाहेब दारापासून पुढे आले. मग त्यांनी कप उचलला आणि स्वतःच पुंजारामच्या हातात दिला.

एरवी पुंजाराम सायकलवर टांग मारून भुर्रकन जाई. त्या दिवशी त्याने सायकल हातात धरली. मी खिडकीतून पाहत होतो. एका हाताने हँडल, दुसऱ्या हाताने छातीशी शालीची दोन्ही टोके. औरंगपुऱ्यात संध्याकाळची गर्दी सुटली होती. कोणाचा धक्का लागेल असे वाटले की तो थांबे, घंटी वाजवी, माणूस जाऊ देई आणि मग पुढचे पाऊल टाकी, डोक्यावर भरलेली घागर असल्यासारखे.

तो कोपऱ्यावर वळला. त्यानंतरही घंटी तीन-चारदा ऐकू आली.