डोक्कुम तेवढं राहिलं

बुधवारी संध्याकाळी टीव्हीवर सांगितलं, की गोठलेल्या कालव्यांवरून स्केट्सवर होणारी अकरा शहरांची फेरी यंदाही होणार नाही, दक्षिणेकडच्या कालव्यांवर बर्फाची जाडी कमी पडते आहे. बोल्सवार्ड गावातल्या निम्म्या घरांना सुतक लागल्यासारखं झालं. वोब्केने मात्र टीव्ही बंद केला, पोटमाळ्यावरून आपले जुने स्केट्स काढून आणले आणि त्यांच्या पात्यांना धार लावायला बसली.

"फेरी रद्द केली त्यांनी, बर्फ नाही," ती म्हणाली. "शनिवारी बार्टलेहीमहून डोक्कुमला जाऊन येते. तेवढंच राहिलंय माझं. रविवारपासून वितळणार म्हणतात."

"मीही येतो," गेर्लोफ म्हणाला.

"तू गाडीत बस. छाती सांभाळ आपली."

एकाहत्तर वर्षांच्या गेर्लोफच्या छातीला काहीही झालेलं नव्हतं, कधीच नव्हतं. हे एकट्या त्यालाच ठाऊक होतं, आणि शनिवारच्या आत बायकोला ते सांगून टाकायचं त्याने ठरवलं. सव्वीस वर्षांत जे जमलं नाही ते तीन दिवसांत जमेल असं माणसाला का वाटतं, कोण जाणे.

शहाऐंशी सालचा तो फेब्रुवारी! अंधारात लेउवार्डनहून हजारो माणसं बर्फावर सुटली होती. स्लोटनच्या तटावर बँड वाजत होता आणि वाजवणाऱ्यांच्या मिशा गोठलेल्या होत्या. हिंडलोपनला शाळेतल्या मुली येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडात संत्र्याच्या फोडी भरवत होत्या. जिथे बर्फ कच्चा, तिथे लोकांनी घरातले गालिचे आणून काठावर अंथरले होते, आणि त्यांवरून स्केट्ससकट बदकासारखं फेंगडं चालायचं. दोनशे किलोमीटर, आणि सगळा मुलूख काठावर उभा. गेर्लोफच्या आयुष्यात तसा दिवस पुन्हा आला नाही.

आणि त्या दिवसभर वोब्के त्याच्या पुढे होती. ती काही जोर लावत नव्हती, तिची चालच तशी लांब आणि संथ होती. शहर आलं की ती कार्डावर शिक्का मारून घेई आणि त्याची वाट बघत उभी राही. बोल्सवार्डला, म्हणजे आपल्याच गावात, पुलावरून खाटीक ओरडला, "काय रे गेर्लोफ, घरीसुद्धा असाच मागे मागे असतोस का?" सगळा पूल खिदळला.

बार्टलेहीमच्या पुलाशी दोन वाटा फुटतात, एक डोक्कुमला, दुसरी सरळ लेउवार्डनला, जिथून सुटले होते तिथे. दहा शहरं झाली होती, डोक्कुम तेवढं बाकी होतं. गेर्लोफच्या पायांत त्राण उरलं नव्हतं, बस, एवढंच. पण पाय दमले म्हटलं असतं तर वोब्के एकटी गेली असती, फेरी पुरी केल्याचं क्रॉसचं पदक मिरवत आली असती, आणि खाटकाने जन्मभर पिच्छा सोडला नसता. गेर्लोफ पुलाखाली बसला, छातीवर हात ठेवला आणि म्हणाला, "इथे दुखतंय गं."

वोब्के गेली नाही. पुढे डॉक्टरांना काही सापडलं नाही, पण तिचा डॉक्टरांपेक्षा नवऱ्यावर विश्वास. घरचं वाटाण्याचं सूप तेव्हापासून अळणी झालं. सत्त्याण्णवला पुन्हा फेरी निघाली तेव्हाही वोब्के गेली नाही. "मी दिवसभर बर्फावर, आणि इकडे तुला काही झालं तर?" म्हणाली. दोघं थर्मास घेऊन काठावर उभी राहिली. जाणाऱ्या प्रत्येकासाठी ती टाळ्या वाजवत होती. गेर्लोफ शेजारीच उभा होता, आणि तेव्हाही त्याने तोंड उघडलं नाही.

शनिवारी गाडीत त्याने तीनदा सुरुवात केली. एकदा तिने मध्येच दूध आणायचं राहिल्याची आठवण काढली, एकदा लेकीचा फोन आला ("बाबांना बर्फावर उतरू देऊ नकोस हं आई!"), आणि तिसऱ्यांदा बार्टलेहीम आलं. मग त्यानेही हट्टाने स्केट्स चढवले.

वोब्केची चाल तीच होती, पासष्टाव्या वर्षीही. फरक एवढाच, की दर वळणावर ती मान वळवून त्याला बघत होती. डोक्कुमच्या पवनचक्क्या दिसायला लागल्या आणि गेर्लोफला धाप लागली. तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला. वर बघतो तर वोब्के परत फिरून त्याच्याकडे येत होती.

"छाती ना? बस खाली. बस म्हणते ना! चल, परत जाऊ. डोक्कुम काय पळून चाललंय?"

तिने खरंच पाठ फिरवली होती त्या पवनचक्क्यांकडे. गेर्लोफला ते सोसवलं नाही.

"छातीला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "तेव्हाही नव्हतं झालं, वोब्के. नुसते पाय दमले होते. तू एकटी पोचशील, त्याची लाज वाटली."

"आणि सत्त्याण्णवला?"

"तेव्हाही काही नव्हतं."

वोब्के वळली आणि निघाली. पुढच्या वळणावर तिने मान वळवली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. पाठीशी हात बांधून ती लांब लांब झोके घेत गेली, आणि ती जाताना बघून गेर्लोफला रडू आलं, कारण बर्फावरून इतकं सुंदर जाणारं माणूस त्याने दुसरं पाहिलं नव्हतं आणि सव्वीस वर्षं त्यानेच ते अडवून ठेवलं होतं.

"आजोबा, बरं आहे ना?" जाणाऱ्या एका बाईने विचारलं.

"बरं आहे," तो म्हणाला. "तीच तर पंचाईत आहे."

तासाभराने वोब्के आली. तोवर वारा फिरून पश्चिमेचा झाला होता आणि बर्फाला पाणी सुटायला लागलं होतं.

"पाहिलंस डोक्कुम?" त्याने विचारलं.

"पाहिलं. शिक्का मारायला कोण असणार? एका म्हातारीने कॉफी दिली." मग ती म्हणाली, "शहाऐंशीचं मी हसण्यावारी नेलं असतं, गेर्लोफ. माणूस दमतो, खोटं बोलतो. पण सत्त्याण्णवला मी पन्नास वर्षांची होते आणि तू माझ्या शेजारी उभा होतास. ते माफ नाही."

"नको करूस," तो म्हणाला.

तिने टोपी कानांवर ओढली. "वारा समोरून आहे. माझ्या पाठीआडून चल. आणि दमलास तर दमलो म्हण."

बार्टलेहीम येईपर्यंत तो दोनदा दमलो म्हणाला. दोन्ही वेळा ती थांबली, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.