धुरीघरातली मुलगी

धाकट्या भावाचा, स्टेलनचा, सकाळी फोन आला तेव्हाच इंगेलाने मनाशी ठरवलं. मासे धुरावर शिजवायच्या धुरीघराच्या दारापर्यंत जायचं, आत पाऊल टाकायचं नाही, आणि भावाकडून रक्त तपासून घ्यायचं कबूल करून घेतल्याशिवाय परतायचं नाही. वसंतापासून ती त्याच्या मागे लागली होती, पण पालथ्या घड्यावर पाणी. विषय काढला रे काढला की हा शहाणा जाळी साफ करायला निघून जायचा.

दक्षिण स्वीडनमधल्या स्कोनेच्या त्या किनाऱ्यावर सप्टेंबरात वामीच्या, म्हणजे सापासारख्या लांब माशाच्या, जेवणावळी झडतात. आज स्टेलनकडे पाहुणे यायचे होते आणि वामींना धुरी कोण देणार, हा पेच होता. इतकी वर्षं तो कधी पडला नव्हता, कारण धुरीघराची आग म्हणजे इंगेला. खरं तर तिकडे आग बापाकडून मुलाकडे जायची. त्यांच्या बापाने मात्र ती बारा वर्षांच्या मुलीच्या हाती दिली आणि मुलाला होडीवर धाडलं. गावाने नाकं मुरडली. इंगेलाची मान त्या दिवशी ताठ झाली ती कायमची. पुढे संसार मोडला, गुडघे गेले, पण बापाने पोराला डावलून आपल्याला निवडलं, एवढ्या एका गोष्टीवर ती कसलाही दिवस ढकलू शकत असे.

मग धाप लागायला लागली. सहा वर्षं दम्याचे फवारे झाले. एकदाची नवी डॉक्टरीण आली, तिने रक्त तपासलं आणि सरळ सांगितलं. फुप्फुसांना जपणारं एक प्रथिन तुमच्या रक्तात जवळजवळ नाहीच. हा दोष आई आणि वडील, दोघांकडून आलाय. त्यात तुम्ही जन्मभर धुरात उभ्या राहिलात. जे फुप्फुस गेलं ते परत येणार नाही. आणि भावंडं असतील तर त्यांचंही रक्त बघून घ्या.

"रंग छान चढतोय," धुरीघराबाहेरच्या बाकावर बसत स्टेलन म्हणाला. आग शेजाऱ्याने पेटवून दिली होती. "आत जाऊन एकदा बघतेस? फक्त आजच्या दिवस."

"नाही. आता आग तूच सांभाळायचीस, म्हणूनच म्हणते, आधी रक्त दे. मंगळवारची वेळ घेतलीये. मी येते बरोबर."

"मला काही झालेलं नाही."

"मलाही काही झालेलं नव्हतं. सुईला घाबरतोस का? लहानपणी वामीला घाबरायचास तसा?"

एरवी तो हसला असता. आज म्हणाला, "ती वेळ रद्द कर."

"का?"

"माझ्या रक्तात तोच दोष आहे. मला माहीत आहे."

इंगेलाला आधी बरंच वाटलं, की चला, याने गुपचूप तपासून घेतलं. "कधी केलीस तपासणी?"

"मी नाही केली. मी जन्मलो तेव्हा देशातल्या सगळ्याच बाळांची करत होते. नर्स घरी आली होती. पोराला धुरापासून लांब ठेवा म्हणाली. मी अठराचा झाल्यावर आईने सांगितलं."

"आणि मी?"

"तू त्याआधीची. नर्स म्हणाली होती म्हणे, मोठीचंही बघून घ्या. आई म्हणाली, ती ठणठणीत आहे."

इंगेलाने बाकाची कड धरली. आग कुणीतरी सांभाळायची होती. मुलाला चालणार नव्हती. निवड वगैरे काही झालीच नव्हती.

"म्हणजे बाबांनी आग मला दिली ती..."

स्टेलन धुरीघराच्या फटींकडे बघू लागला.

"सहा वर्षं तू मला हॉस्पिटलात नेत होतास."

"हो."

"मी आत दम्याचं औषध घ्यायचे आणि तू बाहेर कॉफी प्यायचास."

"वाटलं, डॉक्टरांना कळेलच. आणि तुला त्या आगीचं केवढं कौतुक. तुझं मन कोण मोडणार?"

मन! फुप्फुस मोडलं तरी चाललं, पण मन मोडायला नको. असल्या भलेपणाचं करायचं तरी काय माणसाने? इंगेलाला गळा फाडून ओरडायचं होतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल असं. पण ओरडायला छातीत हवा लागते. तिची तर उभं राहण्यातच संपली.

खाली वाटेवर पाहुण्यांच्या गाड्या वाजू लागल्या. फटींतून येणारा धूर काळपट होत चालला होता.

"करपतायत," स्टेलन उठून म्हणाला. "इंगेला, तेवढ्या काढ ना. नाक बांधून जा. मिनिटभराचं काम आहे."

"तू काढ."

तो दारापर्यंत गेला, हात पुढे केला आणि मागे घेतला. "मला नाही जमणार. आता तुला माहीतच आहे."

"मला जन्मभर जमलं," इंगेला म्हणाली. "मला कुणी सांगितलं नव्हतं."